तिसऱ्या खांबापाशी

तेबेरू बेट, ८ मार्च

राष्ट्राध्यक्ष महाराज म्हणू की खेकड्या म्हणू? पाकिटावर राष्ट्राध्यक्ष लिहिलंय, नाहीतर तुझे राजधानीतले टपालवाले पत्र हातात घेणार नाहीत. आत मात्र खेकड्याच. लहानपणी एक दिवस सरळ चालला असशील तर शपथ.

तीन वर्षांनी लिहितेय म्हणून हुरळून जाऊ नकोस. माझा राग जागच्या जागी आहे. एक बातमी कळवायची आहे, तेवढी कळवते आणि कागद संपवते.

मनेआबाचं, अख्खं गाव बसतं त्या आपल्या सभाघराचं, छप्पर उतरवायचं ठरलंय. वादळात अर्धी पानं उडाली, उरलेल्या अर्ध्यात उंदीर नांदतात. परवा म्हाताऱ्यांची बैठक भर पावसात झाली आणि काइतूकाका बोलायला लागले तर सगळं पाणी त्यांच्याच टाळूवर. एरवी सूर्य बुडेपर्यंत बोलतात, त्या दिवशी दोन वाक्यांत आटोपलं. ठराव झाला. मे महिन्यात नवं छप्पर, आणि जुन्या रीतीप्रमाणे प्रत्येक वंशाने आपल्या डोक्यावरचं छप्पर आपण बांधायचं. वंशातल्या पुरुषाने स्वतः वाशावर चढायचं. ज्या वंशाचा पुरुष चढणार नाही, त्याची खालची जागा शेजारच्या वंशाला.

आपल्या शेजारी कोण बसतं हे तुला ठाऊक आहे. काइतूकाका. बैठक संपली तशी ते आपल्या तिसऱ्या खांबाकडे असे बघत होते, जसं मांजर माशाकडे बघतं. "रोतिया, ह्या खांबाला पाठ टेकायला बरं पडतं गं," मला म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुमच्या पाठीला तुमचाच खांब पुरे."

आपल्या वंशात आता पुरुष म्हणजे बाबा आणि तू. मी लग्न करून इओतेबाकडे गेले, माझी पोरं बापाच्या जागेत बसतात. आणि बाबा ऐंशी पार करून बसलेत. तसे ठणठणीत आहेत. माडावर हल्ली चढत नाहीत इतकंच. माडी आमचा इओतेबा काढतो, आणि चढल्यावर असा बेसूर गातो की माडाची माडी आटावी.

मी तुला ये म्हणत नाहीये. नीट वाच. बहिणीने मागितलं की भावाला नाही म्हणता येत नाही, ही आपली रीत, आपली बुबुती. पण गेल्या वर्षी तूच रेडिओवर सांगितलंस ना? "ह्या बुबुतीने देश बुडतोय, नातेवाइकांनी मागणं बंद करा, नोकरदारांनो, नाही म्हणायला शिका." अख्ख्या बेटाने ऐकलं. तेव्हा मी काही मागत नाही. बातमी दिली, संपलं.

रोतिया


२ एप्रिल

तेकौरा,

तुझं उत्तर पोचलं. उत्तर कसलं, सोनेरी शिक्का मारलेला कागद! "माननीय राष्ट्राध्यक्षांना आपले पत्र पाहून आनंद झाला." मी तुला कडेवर घेऊन हिंडले, माझ्या अंगावर तू नाही नाही ते केलंस, आणि आता तुला आनंद झाल्याचं मला तुझा सचिव कळवतो!

पण कागदाचं सोड. ते पत्रे कशाला पाठवलेस रे? बोट लागली, खलाशी एकामागून एक पत्रे उतरवतायत, गाव काठावर जमलेलं. "मनेआबाच्या छपरासाठी सरकारकडून भेट." आपल्या पूर्वजांनी ज्याच्याखाली बसून भांडणं मिटवली, त्याच्यावर पत्रा? पाऊस पडला की आत शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही, आणि ऊन पडलं की सगळे म्हातारे तव्यावरचे मासे. इतकी वर्षं परदेशी शिकलास, बोटीवर राबलास, खोबऱ्याच्या सोसायटीत तराजू धरलास, सभागृहात गेलास, देशाचा मुख्य झालास, आणि एवढं कळलं नाही?

म्हाताऱ्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. भेट परत करायची नसते. काइतूकाका उठले, एक पत्रा बोटाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, "राष्ट्राध्यक्षांनी फार विचार करून पाठवलंय. आपली डुकरं उन्हात फार होरपळतात." आता गावातल्या सगळ्या डुकरांच्या डोक्यावर सरकारी पत्रा आहे. डुकरं मजेत आहेत. तुला आशीर्वाद देतात.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "हवामानाच्या बातम्या लाव." रेडिओ ते हवामानासाठी ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. तुझं भाषण लागलं की मात्र हात वर करून आम्हाला गप्प करतात, आणि मध्येच रेडिओलाच ओरडतात, "हळू बोल, घाई कसली आहे!"

एक आठवण करून देते, कारण तू विसरला असशील आणि मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू निवडून आल्यावर पहिल्यांदा इथे आलास. मनेआबा माणसांनी भरलेली. बाबा तिसऱ्या खांबापाशी बसलेले आणि शेजारी तुझ्यासाठी नवी चटई अंथरलेली. ती मी विणली होती, बोटं सोलवटून. आणि तुझ्या त्या बुटवाल्या सचिवाने बोटीतून खुर्ची आणली, पाहुण्यांच्या बाजूला ठेवली, आणि तू तिच्यावर बसलास! आपल्या गावात पाहुणा होऊन! जेवणाचे वाटे पुकारले तेव्हा आपल्या वंशाचा वाटा घ्यायला बाबा स्वतः उठले. गुडघे दुखत होते तरी. तू खुर्चीवरून टाळ्या वाजवत होतास. बाबांनी घरी येताना चटई गुंडाळून बरोबर आणली आणि आढ्याला खोचली. ती अजून तिथेच आहे.

आपल्या वाट्याची केवड्याची पानं मी शिवायला घेतली आहेत. पानं शिवणं बायकांचं काम, ते मला करता येतं. वाशावर चढता येत नाही.

रोतिया


२१ एप्रिल

खेकड्या,

ह्या वेळी स्वतःच्या हाताने लिहिलंस, अक्षर तसंच किड्यामुंग्यांचं, पाहून बरं वाटलं. पण लिहिलंस काय? "ताई, तू मागितलंस तर मला नाही म्हणता येणार नाही. मग माग ना."

वा रे वा! म्हणजे मी मागायचं, आणि तू विरोधकांना सांगायचं, "काय करणार, बहिणीची बुबुती आली, जावं लागतं." मागून आणलेला माणूस वाशावर बसला काय आणि न बसला काय. त्यापेक्षा काइतूकाकांना खांब देऊन टाकते. यायचं तर स्वतःच्या पायांनी ये. नाहीतर नको येऊस.

आणि बाबांची तब्येत तीनदा कशाला विचारतोस? सांगितलं ना, ठणठणीत आहेत. ईस्टरच्या जेवणाला मनेआबात होते. नीरफणस आणि कुपा मासा पोटभर खाल्ला. आपला वाटा काइतूकाकांनीच आणून त्यांच्यापुढे ठेवला, जाता जाता. गेले काही महिने ते तसंच करतात. विशेष काही नाही. त्यांना इकडून तिकडे फिरायची सवयच आहे.

काइतूकाकांचं म्हणशील तर तुझं ते घड्याळ अजून त्यांच्या मनगटावर आहे. खुर्चीवरून उतरल्याबरोबर त्यांनी तुझ्याकडे मागितलं होतं, आठवतं? तू गेलास त्याच महिन्यात समुद्राचं पाणी जाऊन बंद पडलं. तरी रोज बघतात आणि सांगतात, "राष्ट्राध्यक्षांच्या घड्याळात जेवायची वेळ झाली." त्यांच्या घड्याळात दुसरी वेळच होत नाही.

पानांचा ढीग आता माझ्या कमरेएवढा झालाय. काटे बोटांत, पाठ मोडलेली, आणि वर तुझं "माग ना". हसूही येतं आणि संतापही येतो.

रोतिया


६ मे

तेकौरा,

रेडिओवर ऐकलं. तू बेटांसाठी दवाखान्याची बोट आणायला निघालास, त्यावरून तुझ्याविरुद्ध अविश्वासाचा ठराव आणलाय म्हणे. राजधानीतल्या सभासदांना वाटतं, दूरच्या बेटांवरच्या आजारी माणसांसाठी बोट म्हणजे पैसा पाण्यात. त्यांच्या दाराशी दवाखाना आहे, त्यांना काय! आमच्याकडे गेल्या वर्षी बाळंतिणीला होडीत घालून नेलं, ती पोचली हे नशीब.

आणि ठरावाचं मतदान कधी? आपण छप्पर बांधणार त्याच आठवड्यात. योगायोगालाही लाज नाही.

तर आता स्पष्ट लिहिते. येऊ नकोस. राग धरून लिहीत नाही, मनापासून लिहिते. तू तिथे नसलास तर कुंपणावरचे दोन-चार सभासद पलीकडे जातील, एवढं राजकारण मलाही कळतं. तुला इथून शाळेच्या बोटीत चढवलं तेव्हा तू एवढासा होतास. बाबांनी महिनाभर माडी उकळून गूळ केला होता, तो पोटाशी धरून रडत होतास. तिथपासून इथवर आलास. एका खांबासाठी ते घालवू नकोस. खांब काय, आम्ही काकांच्या शेजारी दाटीवाटीने बसू.

बाबांना मी विचारलं नाही. पण बातमी ऐकून ते आपणहून म्हणाले, "खुर्ची आहे ती, हलायचीच. चटई हलत नाही." मग मला म्हणाले, "पानं शिवून झाली का?" मी म्हटलं, झाली.

नीट जेव. भाषणात हळू बोल.

तुझी ताई


१ जून

खेकड्या,

तू गेल्यापासून गावात तुझी गोष्ट निदान चार तऱ्हांनी सांगतात. एकीत तू पोहत आलास. एकीत विरोधकांनी तुझ्या बोटीचा पाठलाग केला. इओतेबाच्या गोष्टीत तर तुला काठावर पहिल्यांदा त्यानेच पाहिलं, आणि तो तर तेव्हा माडावर झोपला होता. म्हणून खरी गोष्ट मी लिहून ठेवते. उद्या तूच वाढवून सांगायला लागलास तर हे पत्र तुझ्या तोंडावर मारता येईल.

छप्पर बांधायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे मनेआबात जमलो होतो. जुनी पानं उतरवलेली, वरून नुसते वासे आणि आभाळ. जो तो आपल्या जागी. म्हातारे एकेका वंशाला विचारत होते, "वर कोण चढणार?" आणि नाव येत होतं. आपली पाळी आली. बाबा गप्प. काइतूकाका खाकरले. मी बायकांच्या बाजूला मान खाली घालून बसले होते, तेवढ्यात पोरं ओरडली.

वळचणीखालून वाकून तू आत आलास. सचिव नाही, बूट नाहीत. लुंगी, उघडं अंग, आणि काखेत सुंभाचं गुंडाळं. मला क्षणभर कळेना की हा ढेरपोट्या कोण!

काइतूकाकांनी मुद्दामच आवाज चढवला. "अरे राष्ट्राध्यक्ष आले! खुर्ची आणा रे, पाहुण्यांना खुर्ची!"

"खुर्ची नको, काका," तू म्हणालास.

"मग उभे का? इथे उभं राहायची पद्धत नाही."

सगळे हसले. तू नाही हसलास. तसाच वाकून तिसऱ्या खांबापाशी गेलास, बाबांसमोर नुसत्या खड्यांवर बसलास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललास, "बाबा, मी मागायला आलोय. मला तुमच्या शेजारी जागा द्या. जरा सरका."

अरे देवा! जो माणूस रेडिओवरून देशाला सांगतो की मागणं बंद करा, तो भर सभेत मागतो! माझ्या शेजारची म्हातारी मला चिमटे काढत होती. तुझी मान खाली होती म्हणून तुला दिसलं नाही, पण मला बाबांचा चेहरा दिसत होता. ते वर वाशांकडे बघत होते, आभाळात हवामान बघावं तसे.

"मागणं बंद करा म्हणाला होतास," ते म्हणाले.

"म्हणालो होतो."

"मग आता?"

"आता काय बाबा. तुमच्यापुढे यायला दुसरी वाट सापडली नाही."

बाबांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे चाचपले. मग हळू म्हणाले, "मागितल्यावर नाही कसं म्हणू? पण सरकू कसा? पाय उठत नाहीत. तूच ओढ मला."

हे पायांचं मी तुला लिहिलं नव्हतं. सरकारच्या काळज्यांत आणखी एक कशाला, म्हणून नव्हतं लिहिलं. माझ्याकडे असं बघू नकोस, त्या दिवशी बघितलंस तेवढं पुरे. सहा महिने इओतेबा त्यांना पाठीवर घेऊन मनेआबात आणतो. आणि वाटा घ्यायला उठणारं आपल्यात कोणी नव्हतं म्हणून काइतूकाका दर वेळी स्वतःच्या वाट्याबरोबर आपलाही घेऊन यायचे, कोणाच्या लक्षात येऊ नये असे. खांबाकडे डोळा ठेवून होते ते ह्यासाठी. तुझ्या हाती जाईपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नये म्हणून! आम्ही समजत होतो मांजर, आणि निघाला राखणदार.

तू बाबांना काखेत धरून सरकवलंस. आणि तेवढ्यात काका आमच्या घराकडे पळत गेले काय, आढ्याची चटई उपसून परत आले काय! "घ्या," म्हणाले, "तीन वर्षं धूर खाल्लाय हिने." तू चटईवर बसलास आणि मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत. झाकून कशाला ठेवू?

मग बाबांनी तुझा सुंभ हातात घेऊन पाहिला. "हा कोणी वळला?"

"मी. मंत्र्यांच्या बैठकीत, मांडीवर."

"तरीच. कुठे जाड, कुठे बारीक. देश असाच चालवतोस?"

मनेआबा हसून हसून खाली यायची वेळ आली. नशीब, छप्पर आधीच उतरवलेलं होतं.

दुसऱ्या दिवसाचं तुला माहीत आहे, पण तू वर होतास आणि आम्ही खाली. तू वाशावर, खाली मी पानं देतेय, बाबा खांबाला टेकून बसलेत, मांडीवर रेडिओ. मतदान सुरू झालं. कामं चालू होती पण हात सगळ्यांचे मंद. मग तो बाईमाणसाचा गोड आवाज आला आणि म्हणाला की ठराव मंजूर झाला, सरकार पडलं.

हातातलं पान मी तसंच धरून राहिले. माझ्या मनात आलं, हे माझ्या पत्रांनी केलं. आणि वरून तुझा आवाज आला, "अरे, सुंभ द्या रे कोणीतरी! इथली गाठ राहिलीय."

त्यावर काका ओरडले, "सरकार पडलं तर पडू दे, तू पडू नकोस बाबा! खाली मी बसलोय!"

आणि गाव जे हसत सुटलं ते संध्याकाळपर्यंत. बाबांनी रेडिओ बंद केला. हवामान ऐकलंच नाही.

ही खरी गोष्ट. बोटीवर तुला निरोप द्यायला मी आले नाही, कारण मनेआबात एकदा रडून झालं होतं आणि दुसऱ्यांदा रडायची लाज वाटली. तिथलं घर रिकामं करताना माझ्यासाठी ते मोठं पातेलं आण. हे मागणं नाही, आठवण आहे.

ताई


२४ जून

तेकौरा,

तुझं पत्र आलं. "राजकारण पुरे झालं. निवडणुकीला उभा राहत नाही. पुढच्या बोटीने कायमचा येतो. बाबांना पाठीवर मी नेईन, माडी मी काढीन, अळवाच्या खड्ड्यातलं तण मी उपटीन."

मी ते दोनदा वाचलं आणि तुझ्या खोलीतलं इओतेबाचं जाळं बाहेर फेकलं. तो म्हणाला, "मी कुठे ठेवू?" मी म्हटलं, "डुकरांजवळ ठेव, वर सरकारी पत्रा आहे." इतकी वर्षं मला हेच हवं होतं. तू इथे असावास, रोज दिसावास, मी तुला रोज बोलावं.

मग बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. जेवताना म्हणाले, "आणि ती दवाखान्याची बोट? ती आता कोण आणणार? हा काइतू?"

काका शेजारीच जेवत होते. म्हणाले, "मला बोट लागते रे. मला ओकारी होते."

"तेच म्हणतो," बाबा म्हणाले. पुढे म्हणाले, "पाठीवर न्यायला इओतेबा आहे. माडी तो काढतो. वाईट गातो, पण काढतो. बोट आणायला दुसरं कोण आहे?" आणि मासा खायला लागले.

मला झोंबलं. कारण खरं होतं. त्या बाळंतिणीचं मूल आता रांगतं, रोज माझ्या दारात येऊन माझ्या टोपल्या उलथवतं. होडी पोचली म्हणून ते आहे. दर वेळी पोचेलच असं नाही.

तू सरकार पणाला लावून इथे आलास, आपल्या मनाने आलास, तेव्हा गावाने तुला घरचा मानलं. आता हरलास म्हणून इथे राहायला येशील तर ते वेगळं. आणि अळवाचं तण म्हणशील तर तुला अळू आणि तण ह्यातला फरक कधीच कळला नव्हता.

आजवर मी काही मागितलं नाही. शाळेत गेलास तेव्हा नाही, मोठा झालास तेव्हा नाही, छपरासाठी तर मुळीच नाही. तू म्हणत होतास, माग ना. तर आता मागते. बाबांच्या शेजारी बसून, काइतूकाकांच्या साक्षीने, बहीण म्हणून. ही माझी बुबुती आहे.

निवडणुकीला उभा राहा.

नाही म्हणता येणार नाही तुला. हरलास तर मिळेल त्या बोटीने ये. जिंकलास तर दवाखान्याच्या बोटीने ये, आणि बाबांचे पाय पहिले दाखव. बेटाबेटावर मतं मागत फिरशील तेव्हा लाजू नकोस, मागता येतं तुला, आम्ही पाहिलंय.

ह्या वेळी चटई मी गुंडाळलेली नाही. तिसऱ्या खांबापाशी पसरलेली आहे. दुपारी काका तिच्यावर लवंडतात, पण सांगितलं की उठतात.

तुझी,
रोतियाताई